रंगक्काचं हुळूमने

मला त्या कॉलेजात पाठवायचं की नाही, याचा निकाल आमच्या दुकानातल्या कापायच्या टेबलावर लागला. अण्णा, म्हणजे माझे वडील, बंगळुरात बसवनगुडीला बायकांचे ब्लाउज शिवायचे. घराची पुढची खोली म्हणजे दुकान आणि त्यामागचं सगळं म्हणजे घर. मध्ये फक्त एक पडदा, तोही उरलेल्या कापडांचे तुकडे जोडून आईनं केलेला. आमचे लोक चार पिढ्यांपूर्वी साताऱ्याकडून खाली आले की सोलापूरकडून, हे घरात कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. बोलायचो ती मराठीच, पण त्यात कन्नडमधलं 'स्वल्प थांब' आणि 'सरी, सरी' आल्याशिवाय वाक्य पुरं होत नसे. माझी सून पुण्याची आहे. ती म्हणते, "आई, तुम्ही माहेरच्या माणसांशी बोलायला लागलात की मला खाली सबटायटल लागतात." लागत असतील. आम्हाला ती मराठी पुरली, भांडायलाही आणि रडायलाही.

मला हवं होतं मायक्रोबायॉलॉजी, आणि तेही घरापासून चालत जाता येईल अशा कॉलेजात. मार्कांनी दगा दिला. सरकारी यादीत माझं नाव निघालं ते रेशीमशास्त्राच्या पदवीला, शहराबाहेर दोन बस बदलून आणि पुढे अर्धा तास पायी जावं लागेल अशा ठिकाणी. आईनं ते पत्र वाचलं आणि उलटून पाहिलं, मागच्या बाजूला काहीतरी बरं लिहिलं असेल म्हणून. अण्णा एक आकाशी रेशमी कापड कापत होते. कात्री न थांबवता म्हणाले, "चाळीस वर्षं मी रेशीम कापतोय. ते येतं कुठून, हे आपल्यातल्या कुणी बघितलंय का? जाऊन बघ तरी."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर परत ये. बस दोन्ही बाजूंना जाते."

अशी मी गेले. एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी, आईनं दिलेले चार डबे. अण्णा फाटकापर्यंत सोडायला आले, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाले, "हवा चांगली आहे." त्या आवाराबद्दल प्रामाणिकपणे म्हणता येईल असं तेवढंच एक वाक्य होतं. दोन बैठ्या इमारती, एक मुलींचं वसतिगृह, एक मुलांचं, मध्ये लाल मातीचं मैदान आणि त्यापलीकडे जिथवर नजर जाईल तिथवर तुतीचे मळे. सर्वांत जवळचं दुकान दोन मैलांवर, आणि तिथे मिळायचं काय, तर काड्यापेटी, गूळ, साबण आणि चपला. आज तोच रस्ता सहापदरी झालाय. परवा मुलाच्या गाडीतून जाताना बघितलं, तुतीच्या जागी वीसमजली इमारती उभ्या आहेत, प्रत्येकीच्या नावात कुठलं ना कुठलं झाड आहे, आणि दारात मात्र एकही नाही.

मला पहिल्यांदा अडचण झाली ती शांततेची. आमच्या घरी पहाटे देवळाची घंटा, मग दूधवाला, मग अण्णांची आणि त्यांच्या दोन कारागिरांची अशी तीन मशीनं, वर गल्लीतल्या रिक्षा आणि समोरच्या आज्जींचा रेडिओ. त्या गडबडीत मी गणितं सोडवली, ताप काढले, दुपारच्या झोपा घेतल्या. इथे खोलीत बसलं की स्वतःचा श्वास ऐकू यायचा, आणि तो काही फार ऐकण्यासारखा नव्हता. पुस्तक उघडावं तर इतकं शांत की अक्षर डोक्यात शिरेना. शेवटी मी कपडे धुवायच्या दगडाजवळ जाऊन अभ्यास करू लागले. तिथे निदान कुणीतरी काहीतरी आपटत तरी असायचं.

माझ्या खोलीत महादेवी नावाची मुलगी होती, अथणीकडच्या एका खेड्यातली. तिचे वडील ऊस लावायचे. घरी कन्नड, पण आजोळ सीमेपलीकडचं, त्यामुळे मराठी फर्डी. पहिल्या दिवशी मी ट्रंकेवर तोंड पाडून बसलेली बघून तिनं विचारलं, "रडालीस काय ग?" त्या 'रडालीस'नं मला इतकं हसू आलं की रडायचं राहूनच गेलं. त्या क्षणापासून आमची ती भाषा वसतिगृहात चोरवाटेसारखी झाली. वॉर्डनबाई समोर उभ्या असतानासुद्धा आम्ही त्यांच्या अंबाड्याबद्दल निर्धास्त बोलायचो. त्यांची सासू बेळगावची आहे, हे आम्हाला तिसऱ्या वर्षी कळलं.

दुसरी अडचण जेवणाची. पहिल्याच दुपारी ताटात क्रिकेटच्या चेंडूएवढा, तपकिरी, चकचकीत गोळा आला. रागी मुद्दे. नाचणीच्या पिठाचा तो गोळा बंगळुरात राहून मला माहीत नव्हता असं नाही, पण आमच्याकडे तो पाहुण्यासारखा, कधीमधी, सुपारीएवढा यायचा. इथे तो रोज होता, आणि दोन होते. मी एक तुकडा मोडून चावायला लागले. तो दातांना असा चिकटला की तोंड उघडेना.

"चावालीस काय?" महादेवी किंचाळली. "गिळायचं असतंय ते! सारात बुडीव आणि सोड खाली. दातांचं काय काम नाही तिथं."

गिळणं ही शिकायची गोष्ट आहे, हे मला एकोणिसाव्या वर्षी कळलं. पहिला आठवडा मी प्रत्येक घासाला डोळे मिटत होते. महिन्यानं मात्र हुलग्याच्या सारात बुडवून तो गोळा मी इतक्या सफाईनं उतरवू लागले की स्वयंपाकाच्या बाई विचारायच्या, "इन्नोंदु?" आणखी एक? दिवाळीला घरी गेले तेव्हा आईच्या पोळ्या खाऊन उठले आणि तासाभरात पुन्हा भूक लागली. आईला वाईट वाटलं. मी कारण सांगितलं नाही.

तिसरी अडचण मुंग्यांची होती, आणि ती मला सगळ्यात महागात पडली. आमच्या खोलीत लाल मुंग्यांची एक रांग खिडकीतून यायची, माझ्या ट्रंकेवरून चढायची, आईच्या शेंगदाण्याच्या लाडवांच्या डब्याला प्रदक्षिणा घालायची आणि दाराखालून जायची. महादेवी त्यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. "जाऊ दे ग. त्यांचं पण शेतच हाय की हे." मला ते पटेना. मी आईला लिहिलं आणि येणाऱ्या एका शेजाऱ्याबरोबर आईनं मुंग्या मारायची पांढरी पावडर पाठवली, अंगाला लावायच्या पावडरीच्या जुन्या डब्यात भरून. डब्यावर गुलाबाचं फूल आणि आत मुंग्यांचं मरण. मी ती ट्रंकेभोवती, गादीखाली, खिडकीच्या कडेला अशी सढळ हातानं टाकली. मुंग्या दोन दिवस गायब झाल्या आणि तिसऱ्या दिवशी भिंतीवरून नव्या वाटेनं आल्या.

आता रंगक्काबद्दल सांगायला हवं. आवाराच्या टोकाला, तुतीच्या मळ्याला लागून, एक लांबट, उंच छपराची, कौलारू इमारत होती. कागदोपत्री तिचं नाव 'रेशीम कीटक संगोपनगृह'. सगळे म्हणायचे हुळूमने, म्हणजे अळ्यांचं घर. तिथली कारभारीण रंगक्का. वय पन्नासच्या आसपास, अंगानं काटकुळी, कपाळावर गोंदण, लुगडं गुडघ्याच्या किंचित खाली. बाजूच्याच गावातली. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण तिथली पहिली अळी अंड्यातून निघाली तेव्हापासून ती तिथे होती, आणि प्राध्यापक बदलत गेले तरी ती राहिली. दारावर मोठी पाटी होती: आत येण्यापूर्वी हातपाय धुवा, तंबाखू, अत्तर, पावडर, उदबत्ती, डासांची कॉइल यांना बंदी. रंगक्काला पाटीची गरज नव्हती. तिचं नाक पाटीपेक्षा कडक होतं. एकदा दाढीनंतर काहीतरी वासाचं लावून आलेल्या एका लेक्चररना तिनं दारातूनच परत पाठवलं होतं, आणि ते मुकाट्यानं तोंड धुऊन आले होते. स्वतः ती तंबाखू खायची, पानात घालून. पण पुडी बाहेर एका कडुलिंबाच्या बेचक्यात ठेवायची, सुट्टीत जाऊन खायची, राखेनं दात घासायची, चूळ भरायची, हात धुवायची आणि मगच आत यायची. एवढा सोपस्कार आमच्या घरी देवघरातही होत नसे.

दुसऱ्या सत्रात आम्हा चोवीस जणांना जोड्या करून एकेक मांडणी दिली. बांबूच्या दहा दहा पाट्या एकावर एक. महादेवी आणि माझी जोडी. अंड्यांतून निघालेल्या अळ्या इतक्या बारीक की दौतीत बुडवलेल्या टाकानं कुणी कागदावर रेघोट्या मारल्यात असं वाटावं. मला किळस आली. रंगक्कानं ते बघितलं, काही न बोलता माझा तळवा उघडला आणि पिसानं एक अळी त्यावर ठेवली. "तूक नोडु," ती म्हणाली. वजन बघ. वजन काहीच नव्हतं. "महिन्यानं हिला उचललीस तर कळेल. दहा हजार पट होईल. तू होशील का?" एवढं बोलून ती निघून गेली. महादेवी म्हणाली, "तुझी अंगकाठी बघून विचारालीय ती. मुद्दे वाढवलीस की होशील."

आणि मग काय झालं कुणास ठाऊक, मला त्या अळ्या आवडायला लागल्या. दिवसातून चार वेळा पाला, कोवळा असताना चिरून, मोठा झाल्यावर अख्खा. ओला पाला चालत नाही, शिळा चालत नाही, धुळीचा चालत नाही; असली लाडावलेली पाहुणी मी आमच्या नात्यात फक्त एकच पाहिली होती, अण्णांची धाकटी आत्या. कात टाकायच्या आधी त्या खाणं सोडून, मान वर करून, दिवसभर निश्चल बसतात. त्याला तिथे 'ज्वर' म्हणायचे. ज्वर आला की रंगक्का कुणाला मोठ्यानं बोलू द्यायची नाही. असे चार ज्वर. चौथा उतरला की त्या बोटाएवढ्या होतात आणि खायला लागतात. शंभरावर पाट्यांमध्ये एकाच वेळी. तो आवाज ऐकून पहिल्या दिवशी मी दारातच थांबले. अण्णांची मोठी कात्री रेशमातून न थांबता सरळ जाते ना, अगदी तसा. त्या आवारात आल्यापासून पहिल्यांदा मला तिथे अभ्यास करावासा वाटला. मी पुस्तक घेऊन हुळूमनेच्या पायरीवर बसू लागले. रंगक्का जाता-येता बघायची. एकदा तिनं माझ्यासाठी पोत्याचा तुकडा आणून टाकला. बस, एवढंच. पण ते मी घरच्या पत्रात लिहिलं.

तो रविवार होता. चौथ्या ज्वरानंतरचा पाचवा दिवस. दोनतीन दिवसांत अळ्या कोष विणायला घेणार होत्या. सकाळचा पाला घालायची पाळी माझी होती. निघताना बघते तर लाडवांच्या डब्यात मुंग्या, आत, अगदी तळापर्यंत. मला संताप आला. मी गुलाबाचा डबा काढला, ट्रंकेवर, डब्याभोवती, जमिनीवर मूठमूठ पावडर टाकली, हात ओढणीला पुसले आणि धावत सुटले, कारण उशीर झाला होता. हुळूमनेच्या दारात हात धुवायचा हौद होता. रंगक्का तिथे असती तर मी धुतलेच असते. पण ती मळ्यात पाल्याची मोट आणायला गेली होती, आणि अळ्या रिकाम्या पाट्यांवर माना वळवून पाला शोधत होत्या. मी तशीच आत शिरले. कोपऱ्यातल्या ढिगातून दोन्ही हातांनी पाला उचलला आणि आमच्या पाट्यांवर पसरला. माझं झालं म्हणून शेजारच्या मांडण्यांवरही घातला, मदत म्हणून. एकूण पाच मांडण्या; त्यांची मुलं तेव्हा आलेली नव्हती.

दुपारी जेवताना एक मुलगा धापा टाकत आला. आम्ही सगळे धावलो. पाच मांडण्यांवरच्या अळ्या माना वर करून जोरजोरात हलवत होत्या, तोंडातून हिरवा रस गळत होता, आणि त्यांची अंगं आखडत चालली होती. पाट्यांवर पाला तसाच होता. इतर सात मांडण्यांवर खाण्याचा आवाज चालू होता. आमच्या बाजूला काहीच नाही. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. आम्ही मळ्याच्या कडेला खड्डा खणून, चुना टाकून, टोपल्याच्या टोपल्या त्यात ओतल्या. महादेवी रडत होती, जी कशालाच रडायची नाही.

आमचे नंजुंडय्या सर आले, त्यांनी एक अळी उचलून भिंगाखाली बघितली. "हा रोग नाही," ते म्हणाले. "विष आहे. एक तर औषध, नाहीतर तंबाखू." शेवटचा शब्द उच्चारताना त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. पण बाकी सगळ्यांनी बघितलं.

रंगक्का खांबाला टेकून उभी होती. "मी आत कधी खाल्लं नाही, सर," ती म्हणाली. "हात धुते मी. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे, रंगक्का. पण पाला तुम्ही आणता, आणि तंबाखू इथे दुसरं कोण खातं? एकदा विसरायला होतं माणसाला." सर वाईट नव्हते. त्यांचा आवाजही चढला नव्हता. "चौकशी होईपर्यंत तुम्ही उद्यापासून येऊ नका."

मी तिथेच होते, तिच्यापासून चार हातांवर. माझ्या ओढणीवर दोन पांढरट पंजे उमटलेले होते. मी ओढणी गोळा करून मुठीत धरली.

त्या संध्याकाळी कपडे धुवायच्या दगडावर महादेवीनं माझी ओढणी उचलली, नाकाशी नेली आणि खाली ठेवली. बराच वेळ ती स्वतःचाच परकर आपटत राहिली. मग म्हणाली, "मुंग्यांच्या पावडरीचा वास यालाय ह्याला."

मी ओढणी बादलीत कोंबली.

"मी सांगणार नाही कुणाला," ती म्हणाली. "पण माझ्याकडं बघू नकोस तू. तुझं तू बघ."

तीन दिवस मी माझं मी बघत होते. काय बघत होते, तर मला कॉलेजातून काढतील. अण्णा पुन्हा त्या फाटकापाशी येतील आणि या वेळी हवेबद्दलही काही बोलणार नाहीत. बाकीची मुलं माझ्याशी बोलणं सोडतील. आणि मी असंही बघितलं, की रंगक्काचं काय, तिला कुठल्याही मळ्यात काम मिळेल. हे वाक्य आज गाळून टाकावं असं वाटतं. दोनदा खोडलंही. पण ते गाळायचं तर मग हे प्रकरण लिहायचं कशाला? एकोणीस वर्षांच्या मला ते वाटलं होतं, अगदी स्पष्ट शब्दांत, मराठीत.

चौथ्या दिवशी सकाळी मी दुकानातून साबण आणायला म्हणून फाटकाबाहेर पडले. फाटकाच्या पलीकडच्या वळणावर एक चिंचेचं झाड होतं. त्याखाली रंगक्का बसली होती. शेजारी तिचा जर्मनचा डबा, फडक्यात बांधलेला. मला बघून तिनं नुसती मान हलवली. साबण घेऊन परत आले तरी ती तिथेच होती. मी वॉचमनला विचारलं.

"रोज येते," तो म्हणाला. "आठला येते, पाचला जाते. घरी सुनेला सांगितलेलं नाही काम गेल्याचं. लाज वाटते म्हणते. सव्वीस वर्षं आठला येते, कुठे बसणार दुसरीकडे?"

मी खोलीत गेले, गुलाबाचा डबा घेतला आणि सरांच्या खोलीकडे निघाले. वाटेत कन्नडमधून वाक्यं जुळवत होते. बसवनगुडीच्या शाळेतलं माझं कन्नड चांगलं शुद्ध होतं. पण दारात उभी राहिल्यावर त्यातलं एक वाक्य आठवेना. सर चहा पीत होते. मी डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "सर, तंबाखू नव्हती. हे होतं. माझ्या हाताला."

सरांनी डब्यावरचं गुलाब बघितलं, झाकण उघडलं, वास घेतला आणि ओळीनं तीन वेळा शिंकले. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते. त्यांनी रुमालानं नाक पुसलं. "हात धुतले नव्हतेस?"

"नाही, सर."

"चूक होते," ते म्हणाले. "पण मग आज चौथा दिवस आहे."

 उत्तराची वाट न बघता ते चहा तसाच सोडून उठले, "चल" म्हणाले. वाटेत वर्ग भरला होता, त्यांनी दारातून सगळ्यांना बाहेर बोलावलं. आम्ही पंचवीस माणसं त्या लाल मैदानातून फाटकाकडे गेलो. रंगक्का आम्हाला येताना बघून उठून उभी राहिली, डबा छातीशी धरून. तिला वाटलं असेल, आता इथूनही उठवायला आलेत.

"सांग," सर म्हणाले.

मी सांगितलं. मुंग्या, पावडर, हौद, पाच मांडण्या. मोडक्या वाक्यांत, पण सगळं सांगितलं. शेवटी क्षमा मागितली. मला वाटत होतं ती रडेल, किंवा शिव्या देईल, किंवा चांगल्या गोष्टींत होतं तसं डोक्यावर हात ठेवेल. तिनं यातलं काही केलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "तीन दिवस मी माझीच बोटं हुंगतेय."

तिनं उजवा हात नाकाशी नेऊन दाखवला.

"झोपताना हुंगते, उठल्यावर हुंगते. मलाच वाटायला लागलं होतं, असेल, माझ्याच हातानं झालं असेल. म्हातारी झाले, धुवायचे राहिले असतील." मग सरांकडे वळून म्हणाली, "मी कामाला येते. आत्ता येते. पण ही मुलगी माझ्या हुळूमनेत पाऊल ठेवणार नाही."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. रंगक्का डबा घेऊन आमच्या मधून चालत फाटकातून आत गेली, नेहमीच्या चालीनं, मागे न बघता.

मला कॉलेजातून काढलं नाही. शिक्षा म्हणून सत्र संपेपर्यंत रोज सकाळी दोन तास मळ्यात काम: तुतीची छाटणी, खुरपणी, मोट बांधून हुळूमनेच्या दारापर्यंत पोचवणं. दारापर्यंतच. नुकसान झालेल्या बाकी चार मांडण्यांच्या मुलांनी आठ दिवस माझ्याशी अबोला धरला, नववा दिवस उजाडल्यावर कुणीतरी मला 'इरुवे', म्हणजे मुंगी, म्हणून हाक मारली आणि सगळे हसले, मीही हसले. ते नाव पदवी मिळेपर्यंत टिकलं. महादेवी पहिल्याच सकाळी माझ्याबरोबर मळ्यात आली. शिक्षा तिला नव्हती. "कोयता असा धरालीस तर बोट जाईल," म्हणाली आणि शेजारच्या ओळीला लागली. हातांना फोड आले, फुटले, घट्टे पडले. पाला पहाटेचं दव सुकल्यावर तोडायचा, वरून कितवं पान कुठल्या वयाच्या अळीला, फांदी कुठे कापली की फुटवा चांगला येतो, हे मी त्या मळ्यात शिकले, पुस्तकात नाही. पुढे तीस वर्षं रेशीम खात्यात नोकरी केली. गावोगावच्या बायकांना जे शिकवलं ते बहुतेक त्या शिक्षेतलंच.

रंगक्का माझ्याशी बोलायची नाही. मी मोट उंबऱ्याबाहेर ठेवायची, ती उचलून आत न्यायची. नवी अंडी आली, सगळ्यांना मांडण्या मिळाल्या, महादेवीनं आमची एकटीनं सांभाळली. पहिला ज्वर होऊन गेला. दुसरा ज्वर उतरला त्या सकाळी मी मोट ठेवून वळणार, तोच ती म्हणाली, "कै."

कै म्हणजे हात. मला आधी कळलंच नाही. मी दोन्ही हात पुढे केले. तिनं माझी मनगटं धरली, तळवे नाकाशी नेले, उलटे करून बोटांची पेरं हुंगली, नखं हुंगली. मग हौदाकडे बोट दाखवलं. मी धुतले. तिनं पुन्हा हुंगले, आणि बाजूला झाली. मी आत गेले.

त्यानंतर रोज तेच. दिवसातून चार वेळा. पोरं हसायची, मी हात पुढे करून उभी राहायची, शाळेत छडी खायला उभं राहावं तशी. ती कधी घाई करायची नाही, आणि मीही केली नाही. तिसरा ज्वर गेला, चौथा गेला. अळ्या बोटाएवढ्या झाल्या. एक दिवस एक अळी मांडणीवर मान वर करून नुसतीच वळवळताना दिसली, अगदी त्या रविवारच्या अळ्यांसारखी. मी हाक मारली. रंगक्कानं येऊन ती उजेडात धरली. अंग आरपार, पिवळसर, पिकलेल्या द्राक्षासारखं.

"विणायला जागा शोधतेय," ती म्हणाली. त्या महिन्यातलं तिचं माझ्याशी पहिलं पूर्ण वाक्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी मोट ठेवली, हौदावर हात धुतले आणि दारात येऊन हात पुढे केले. आत निम्म्या अळ्या विणायला लागल्या होत्या आणि उरलेल्या शेवटचं खात होत्या. रंगक्का दोन्ही हातांत चंद्रिका घेऊन, म्हणजे कोष विणण्यासाठीची बांबूची गोल जाळी, माझ्या बाजूनं आत जात होती. मी हात पुढे केलेलेच. ती अडखळून थांबली आणि वैतागून म्हणाली, "हुळू उपाशी आहेत आणि दारात काय उभी राहिलीस? बा, आत ये."